रूझवेल्टबाई आणि सुरतेची हंसाबेन

सुरत म्हटले की मराठी मनाला प्रथम आठवते ती १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी. परंतु याच नगरीत ३ जुलै १८९७ रोजी जन्मलेल्या हंसाबेन मेहता यांनी अमेरिकेच्या एका माजी अध्यक्षपत्नीपुढे एका शब्दासाठी आग्रह धरला आणि तो तडीस नेला, ही हकीकत येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांतूनही क्वचितच सांगितली जाते.

त्या अध्यक्षपत्नी म्हणजे एलिनॉर रूझवेल्ट. जन्म १८८४ चा. वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच मातापित्यांचे छत्र हरपले. १९०५ मध्ये दूरच्या नात्यातील फ्रँकलिन यांच्याशी विवाह झाला. १९२१ मध्ये पतीचे पाय आजाराने लुळे पडले, तेव्हा मुलाने आता घरी स्वस्थ बसावे, असा सासूबाईंचा हट्ट होता. सुनेने तो जुमानला नाही. पतीचे राजकारण चालू राहावे म्हणून ही मूळची बुजरी स्त्री स्वतः सभांतून बोलू लागली.

१९३३ ते १९४५ अशी बारा वर्षे त्या व्हाइट हाऊसमध्ये होत्या. केवळ स्त्री-वार्ताहरांसाठी त्या पत्रकार परिषदा घेत. परिणामी वृत्तपत्रांना स्त्रिया नेमणे भाग पडले. १९३९ मध्ये मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला एका प्रतिष्ठित महिला-संस्थेने आपले सभागृह नाकारले, तेव्हा बाईंनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. आपल्याकडे आनंदीबाईंनी कारभारात लक्ष घातले म्हणून आपण त्यांना खलनायिका ठरवून मोकळे झालो. एलिनॉरबाईंवरही टीका पुष्कळ झाली. परंतु त्यांनी जे केले ते पडद्याआडून नव्हे, दैनिक सदर लिहून, उघडपणे केले.

पतिनिधनानंतर त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. तेथे भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन. ‘करणघेलो’कार नंदशंकर मेहतांची ही नात. नंदशंकर सुरतेच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर होते, हे सांगताना आमच्या व्यवसायाचा थोडा अभिमान वाटतो! वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. त्याच बडोद्याच्या चिमणाबाई महाराणी १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. पुढे तेच पद हंसाबेननी भूषविले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावासही सोसला होता.

मसुद्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. ‘मेन’मध्ये स्त्रिया अंतर्भूतच आहेत, अमेरिकन स्त्रियांना त्यात कधी वगळल्यासारखे वाटले नाही, असे एलिनॉरबाईंचे म्हणणे. हंसाबेनना ते पटेना. ज्यांना स्त्रीला हक्क द्यावयाचेच नाहीत, ते या शब्दाचा अर्थ अक्षरशः घेतील, अशी त्यांची धास्ती होती. अखेर ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असा पाठ स्वीकारला गेला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ राष्ट्रांनी जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. विरोधी मत एकही नव्हते. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

हा नुसता शब्दांचा कीस होता, असे कोणास वाटेल. तथापि आपल्याच भाषेकडे पाहावे. ‘माणूस’ हा शब्द सर्वांचा खरा, परंतु स्त्रीविषयी बोलताना आपण आजही सहज ‘बाईमाणूस’ म्हणतो, आणि घरातील कर्त्या बाईनेच दार उघडले तरी पाहुणा विचारतो, “घरात कोणी माणूस नाही का?”