अर्गनचं झाड आणि बायकांचा गट



आपल्याकडे उन्हाळा सरला की पाऊस येतो. पण जगात काही भाग असे आहेत, जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा अगदी कोरडा जातो. भूमध्य समुद्राभोवतीचे देश, कॅलिफोर्निया, चिलीचा मध्य भाग, दक्षिण आफ्रिकेचं टोक आणि ऑस्ट्रेलियाचा नैऋत्य भाग. तिथे घनदाट जंगलाऐवजी विरळ झाडं आणि दाट झुडपं दिसतात. ऊन कडक असतं तेव्हाच पाणी नसतं, म्हणून पानं लहान, जाड आणि चिवट, ओल धरून ठेवणारी. कित्येक झुडपांच्या पानांत तेल असतं, त्यामुळे वणवा झटकन पेटतो. पण त्यातली बरीच बुंध्यातून पुन्हा फुटतात.

मोरोक्को देशाच्या नैऋत्येला अशाच रानात अर्गनचं काटेरी झाड वाढतं. त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. बकऱ्या तर फळांसाठी थेट फांद्यांवर चढतात!

तिथल्या बायका फळं वाळवतात आणि आतलं कवच दगडावर फोडतात. आपली चारोळी फोडतात तसंच, पण हे कवच फार टणक. खाण्याच्या तेलासाठी गर भाजतात, जात्यावर दळतात, पाणी घालून मळतात आणि पिळून तेल काढतात. 1 लिटर तेलाला 30 किलोहून जास्त फळं लागतात. पेंड जनावरांना जाते.

1990 नंतर रसायनशास्त्राच्या प्राध्यापक जुबिदा शर्रूफ यांनी बायकांच्या सहकारी संस्था उभ्या करायला हातभार लावला. विधवा, परित्यक्ता बायकांना स्वतःची कमाई मिळाली. 1998 मध्ये युनेस्कोने या भागाला राखीव जीवावरणाचा दर्जा दिला.

पुढे हे तेल जगभरच्या सौंदर्यप्रसाधनांत गेलं आणि भाव चढले. मग व्यापारी आले. ते फळं घाऊक घेतात, तेल यंत्रावर काढतात. कित्येक बायकांच्या हाती उरते ती किलोमागे कवच फोडण्याची मजुरी. काही घरांनी तर वाढलेल्या पैशातून आणखी बकऱ्या घेतल्या, आणि बकऱ्या कोवळी रोपं खातात. म्हणजे भाव वाढला की झाड आपोआप वाचतं, असं नाही. तिथे जुनी रीत आहे, फळं पिकण्याच्या दिवसांत रानात चराईबंदी. ती पाळली तरच फळं हाती येतात.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणी मोह वेचतं, कुणी चारोळी, कुणी हिरडा. पुढच्या बैठकीत दोन प्रश्न मांडा. आपण माल कच्चाच विकतो का? आणि ज्या झाडावर आपण कमावतो, त्याची नवी रोपं कोण राखतं?