दवाखान्यातून सुट्टी झाली, पण घर तयार आहे का?

डॉक्टर राउंडला येतात, फाइलवर सही करतात आणि म्हणतात, "आता घरी न्यायला हरकत नाही." मग बिल, औषधांची पिशवी, गाडीची धावपळ. सगळ्यांच्या तोंडी अलहम्दुलिल्लाह असते. घर मात्र पेशंट गेला त्या दिवशी होते तसेच असते.

आमच्या घरी हेच झाले. अम्मीच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन चांगले झाले, दहाव्या दिवशी तिला घरी आणले. चौथ्या दिवशी पहाटे, कुणाची झोप मोडायला नको म्हणून, ती फजरच्या वुजूसाठी एकटीच वॉकर घेऊन मोरीकडे निघाली. लाइट गेलेली होती. मोरीच्या तोंडाशी पाण्याचे टिपाड आणि भोवती ओली फरशी. वॉकरचा पाय घसरला. टिपाडाचा काठ हाती लागला म्हणून ती वाचली. दवाखान्यात दहा दिवस आम्ही जिवाचे रान केले आणि घरातले एक टिपाड बाजूला सरकवायचे राहून गेले!

म्हणून वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते की, पेशंट घरी येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या एकाने दवाखान्यात थांबावे आणि दुसऱ्याने घर पाहावे.

निघण्याआधी विचारून घ्या

दवाखान्यात थांबलेल्याने एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. पेशंटने काय करायचे नाही, आणि किती दिवस? कोणती औषधे केव्हा? आधीपासून चालू असलेल्या शुगरच्या, बीपीच्या गोळ्या घ्यायच्या की बंद करायच्या? जखमेला पाणी कधीपासून चालेल? पुन्हा कधी दाखवायचे? उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाले असतील, तर सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतचा फेरतपास आणि औषधे पॅकेजमध्येच धरलेली असतात. हे माहीत नसल्यामुळे माणसे उगीच खर्च करतात.

नेमके कोणते ऑपरेशन झाले, कोणता अवयव काढला, हेही डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे ना ते पाहा. ते कार्ड रेशन कार्डासारखे जपून ठेवा.

पलंगापासून मोरीपर्यंत

घरी थांबलेल्याने एक सोपी गोष्ट करावी. पेशंट जिथे झोपणार तिथून मोरी-संडासापर्यंत हळूहळू चालत जावे आणि वाटेत पायात काय येते ते पाहावे. सतरंजीची वळलेली कड, चपलांचा ढीग, पंख्याची वायर, पोरांचे दप्तर, सगळे उचलावे. उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढावा, म्हणजे अंधारातही दिसतो. आपल्या बीड जिल्ह्यात कितीतरी घरांच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टिपाडे, हंडे, कळशा भरून ठेवल्याशिवाय भागत नाही. त्या भराव्यातच, पण वाटेवर ठेवू नयेत.

पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील. बाज सैल झाली असेल तर खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या पेशंटला ती नको. उठताना त्रास होतो. अशा पेशंटला खाली बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे डॉक्टर बहुधा मना करतात. मग आपल्या पद्धतीच्या संडासाचे काय? त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. काही ठिकाणी ती भाड्यानेही मिळते. साधी प्लास्टिकची खुर्ची मधोमध कापून वापरू नका, ओल्या फरशीवर ती सरकते, कधी मोडतेही. भिंतीत लोखंडी दांडा वेल्डिंगवाल्याकडून पक्का बसवून घ्या. टॉवेलच्या दांडीला किंवा नळाला माणसाचा भार पेलत नाही.

रात्री उशाशी बॅटरी, पाण्याचा तांब्या आणि स्टीलचा पेला व चमचा ठेवा. पेल्यावर चमचा वाजवला की घर जागे होते. ओरडायला लाजणारी म्हातारी माणसे चमचा वाजवतात, हा आमचा अनुभव आहे.

अम्मीसाठी आम्ही नंतर पलंगाजवळच लोटा आणि परात ठेवू लागलो. वुजू बसल्या जागी होऊ लागला. जखमेला पाणी चालत नसेल तर तयम्मुम आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून नमाज अदा करण्याची सवलत आहे. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याचीही मुभा आहे. वडीलधारी माणसे ही सवलत घ्यायला तयार नसतात. त्यांना प्रेमाने समजावणे हीसुद्धा सेवाच आहे.

औषधे आणि धोक्याच्या खुणा

जुन्या गोळ्या आणि नव्या गोळ्या एका डब्यात ठेवू नका. एकच औषध दोन नावांनी येते आणि नकळत दुप्पट पोटात जाते. वाचता न येणाऱ्यांसाठी पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढा, सकाळ-रात्र कळते. एक गोळी दिली की कागदावर एक रेघ मारायची. हे काम घरातल्या शाळकरी मुलीला किंवा मुलाला द्या, ते चोख करतात.

पेशंटला कूस बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी ती बदलून द्या. टाचा, माकडहाड, कुल्ले रोज पाहा. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावरही लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात समजा.

ताप येणे, टाक्यांतून पू किंवा घाण वास येणे, लघवी न होणे, रक्त जाणे वाढणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, असे काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला, छातीत दुखू लागले किंवा पेशंट असंबद्ध बोलू लागला, तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

भेटायला येणारे

आजाऱ्याची अयादत हा आपल्यावरचा हक्क आहे. पण एका खोलीत बारा माणसे, मधे चहाचे कप आणि टाके घातलेली बाई डोक्यावरचा पदर सावरत बसलेली, याने तिला आराम मिळत नाही. दोघांनी आत जावे, दुआ करावी, दहा मिनिटांत निघावे. बिस्किटांच्या पुड्याऐवजी भाजी-भाकरीचा डबा न्यावा. त्या घरची एक वेळची चूल वाचते.

घरातली बाईच आजारी पडली तर?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न हाती घेतला. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास दर सहा जणींत एक. त्यातली किती ऑपरेशने गरजेची होती, हा मोठा प्रश्न आहेच. आमच्या मनात त्यापुढचा प्रश्न येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. अशा बाईला कोपीवर विश्रांती कोण देणार? पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलू नये असे डॉक्टर सांगतात, आणि उसाची मोळी तर डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची असते.

आपल्या मोहल्ल्यातल्या घराघरांत कोयता नसेल, पण हंडा आहे. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंची होते. सुट्टी होऊन आलेली सून तिसऱ्या दिवशी ती उचलते, कारण तिला कुणी "उचल" म्हटलेले नसते, तसे "उचलू नकोस, मी आणतो" असेही म्हटलेले नसते.

पैगंबर (सल्ल.) घरात काय करीत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ झाली की निघत. बुखारी शरीफमधली ही हदीस आपण जलशात ऐकतो. तिच्यावर अमल करायची खरी वेळ हीच आहे. पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, कपडे कोण धुणार, पोरांना शाळेत कोण सोडणार, हे नावानिशी एका कागदावर लिहा आणि स्वयंपाकघरात चिकटवा. तिचे नाव सहा आठवडे त्या कागदावर नको. काम वाटून दिलेले नसेल, तर दांडा, खुर्ची, बॅटरी असूनही तिला आराम मिळणार नाही.

अम्मी आता काठी टेकत अंगणात येते. टिपाड तेव्हापासून मोरीच्या मागच्या भिंतीला आहे. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांच्या हातांना बळ देवो. आमीन.