‘नुसतं बघायला’ जाणाऱ्यांसाठी काजव्यांची बाजू

मे महिना संपत आला की मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या शनिवारी दुपारपासूनच भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात. वळवाचे एक-दोन पाऊस झालेले असतात. अकोले तालुक्यातल्या घाटघर, मुरशेत, रतनवाडी या भागातली हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं रात्री काजव्यांनी लखलखू लागतात. हा सगळा परिसर 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. गर्दीचा, दिव्यांचा विषय काढला की तिथे बहुतेकांकडून एकच उत्तर येतं: ‘आम्ही नुसतं बघायला आलोय. काजव्याला हातसुद्धा लावला नाही, मग नुकसान कसलं?’

हात लावला नाही, हे खरं. पण काजव्याला त्रास द्यायला हात लावावा लागतच नाही.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गटातला कीटक. त्याचं चमकणं हे नर-मादीचं एकमेकांना शोधणं आहे. नर ठरावीक लयीत चमकतो आणि अनेक जातींत मादी त्याला तशीच ठरावीक अंतराने चमकून उत्तर देते. प्रौढ काजव्याला या कामासाठी मिळतात जेमतेम काही आठवडे. बऱ्याच जातींचे प्रौढ काजवे त्या काळात काही खातही नाहीत. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. आपण ज्याला ‘काजव्यांचा सीझन’ म्हणतो, तो त्यांच्या विणीचा हंगाम आहे. त्याच वेळी, त्याच झाडाखाली शंभर माणसं मोबाइलचे टॉर्च लावून उभी राहतात, मागच्या वळणावरून गाड्यांचे हेडलाइट झाडावर पडत राहतात, आणि वर म्हणायचं की आम्ही काही केलं नाही!

प्रकाशाने खरंच फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर प्रयोगांनी दिलेलं आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात फायरबॉ आणि हेन्स या संशोधकांनी शेतात दिवे लावून काजव्यांचं निरीक्षण केलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गडद अंधारात चमकणाऱ्या एका जातीचं चमकणं दिव्यांमुळे सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. संध्याकाळी चमकणाऱ्या दुसऱ्या जातीत मीलनाचं प्रमाण कमी झालं. 2020 साली ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात सारा लुईस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या काजवा-तज्ज्ञांची मतं मांडली. अधिवासाचा नाश, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशकं हे तीन धोके त्यात सर्वांत वर होते. व्हर्जिनियातले काजवे सह्याद्रीतले नव्हेत, हे मान्य. पण अंधारात प्रकाशाने बोलावणं पाठवणाऱ्या कीटकाला आसपासचा झगमगाट अडथळाच ठरणार, मग तो कुठल्याही देशातला असो.

याला जोडून एक नवा समज पसरतो आहे: पांढरा दिवा वाईट, पिवळा सौम्य. तोही चुकीचा आहे. अनेक काजव्यांचा स्वतःचा प्रकाश पिवळसर-हिरवा असतो आणि त्यांचे डोळे त्याच रंगाला जास्त संवेदनशील असतात. टफ्ट्स विद्यापीठातल्या अभ्यासात प्रखर पिवळ्या-नारिंगी उजेडात माद्यांनी उत्तर देणं लक्षणीय कमी केलं. दिवा लागणारच असेल तर तो मंद आणि लाल हवा, जमिनीकडे वळवलेला हवा, आणि जागा सापडताच विझवायला हवा. मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद चिकटवायला दोन मिनिटं लागत नाहीत.

प्रकाशाचं निदान थोडं बोललं जातं. पायांचं कुणी बोलतच नाही. काजव्याचं बहुतेक आयुष्य झाडावर जात नाही, ते जमिनीत जातं. अंडी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात असतात. त्यांतून निघालेल्या अळ्या गोगलगायी खात कित्येक महिने तिथेच वाढतात. मेक्सिकोत त्लास्काला राज्यातल्या जंगलात ज्या काजव्यांसाठी पर्यटक लोटतात, त्या जातीच्या माद्यांना उडताच येत नाही. त्या जमिनीवर बसून असतात, म्हणजे थेट पर्यटकांच्या पायांखाली. आपल्याकडे झाडाच्या अगदी बुंध्यापर्यंत जाऊन फोटो काढणं, गवतात गाडी उभी करणं, मिळेल त्या मोकळ्या जागेत तंबू ठोकणं हे सर्रास चालतं. त्यात चिरडलं जातं ते पुढच्या हंगामाचं पीक. म्हणूनच ‘यंदाही झाडं भरलेलीच होती की’ हा पुरावा कुचकामी आहे. यंदा चमकणारे काजवे आधीच्या अंड्यांतून आलेले असतात. या वर्षी तुडवलेल्या जमिनीचा हिशेब नंतरच दिसणार.

इतर समज थोडक्यात. मोबाइलवर पाहिलेलं सोनेरी ठिपक्यांनी खच्चून भरलेलं जंगल डोळ्यांना तसं दिसत नाही. तसले फोटो बहुधा दीर्घ एक्सपोजरच्या अनेक चौकटी एकावर एक रचून केलेले असतात. तशाच दृश्याच्या हट्टापायी आणखी आत शिरू नये. काजवे बाटलीत भरून मुलांना दाखवणं हा निरुपद्रवी खेळ नाही. फ्लॅश मारल्याने फोटो चांगला येत नाही, उलट काजव्यांचा उजेडच पुसला जातो. आणि मोठ्या आवाजातली गाणी काजव्यांना ऐकू येवोत न येवोत, शेजारच्या घरात दिवसभर राबून झोपलेल्या माणसांना नक्की ऐकू येतात.

‘आम्ही येतो म्हणून गावाला पैसा मिळतो’ हा समज मात्र अर्धा खरा आहे, आणि उरलेला अर्धा पर्यटकाच्या हातात आहे. या भागातली बरीच गावं महादेव कोळी समाजाची आहेत. पुरुषवाडीसारख्या गावात पाहुणे घरांत उतरतात, तिथलंच जेवतात, गावातलाच वाटाड्या घेतात. तिथे पैसा गावात राहतो आणि वाट कुठे वळवायची, कुणाला कुठे थांबवायचं हे गाव ठरवतं. शहरातून डबा-पाण्यासकट येऊन मध्यरात्री परतणारी गाडी मागे प्लास्टिकखेरीज फारसं काही ठेवत नाही.

‘एवढ्या गर्दीला आवर घालणं अशक्यच’ असंही म्हटलं जातं. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट इथे एका लयीत चमकणारे काजवे बघायला अशीच झुंबड उडायची. आता तिथे ऐन हंगामातल्या आठ रात्रींसाठी सोडत निघते आणि ठरावीक गाड्यांनाच आत सोडतात. पायवाट सोडायची नाही, टॉर्चवर रंगीत कागद लावायचा, असा तिथे दंडक आहे. भंडारदऱ्याच्या अभयारण्यात शिरतानाही वन विभागाच्या नाक्यावर पावती फाडावीच लागते. रात्रीला किती पावत्या फाडायच्या, हे त्याच नाक्यावर ठरवता येईल. तोवर शनिवार-रविवार टाळून मंगळवारी-बुधवारी जाणं, गाडी गावात लावून पुढे चालत जाणं आणि झाडापासून लांब, अंधारात उभं राहणं एवढं तर कुठल्याही परवानगीशिवाय करता येतं.