गेट एकच, पगारवाढ मात्र वेगवेगळी

बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण 29 सप्टेंबर 2024 रोजी झालं. एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्या इथल्या प्रकल्पांची घोषणाही त्याच वर्षी झाली. पलीकडे वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 पासून आहे, त्यामुळे 'करार झाला', 'इन्क्रीमेंट पडलं' ही बोली या भागाला नवी नाही. तरीही घरातलं कोणी पहिल्यांदा कंपनीत लागतं, तेव्हा पगारवाढीबद्दल ऐकीव माहितीच जास्त असते.

गैरसमज : वर्ष भरलं की पगार वाढवणं कंपनीला बंधनकारक आहे.
वस्तुस्थिती : खासगी कंपनीला दरवर्षी वाढ द्यायला लावणारा कायदा नाही. कायदा किमान वेतन ठरवतो. त्यापुढच्या वाढीचा हक्क नेमणूकपत्रातून किंवा युनियनच्या करारातून येतो. पत्रात 'कामगिरीनुसार विचार केला जाईल' एवढंच असेल, तर विचार होईल. वाढ होईलच असं नाही.

गैरसमज : एकाच लाइनवर काम करतो, म्हणजे वाढही सारखीच.
वस्तुस्थिती : नाव कुणाच्या हजेरीपटावर आहे, ते आधी पाहायचं. पर्मनंट कामगारांची वाढ युनियन आणि व्यवस्थापनाच्या करारात ठरते. तो साधारण तीन-चार वर्षांचा असतो. स्टाफचं अप्रेझल वर्षाला होतं. कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या पटावर असतो. तो किमान वेतनावर असेल, तर राज्य सरकार महागाई निर्देशांकानुसार दर जानेवारी आणि जुलैत जो विशेष भत्ता जाहीर करतं, बहुतेकदा तेवढाच फरक त्याच्या हाती पडतो. शिकाऊ उमेदवाराला तर पगार नव्हे, विद्यावेतन मिळतं.

गैरसमज : बारा हजारांचा करार झाला, आता पुढच्या महिन्यापासून बारा हजार जास्त.
वस्तुस्थिती : हा आकडा बहुधा कराराच्या पूर्ण मुदतीचा असतो. समजा, तीन वर्षांचा करार आहे आणि वाढीची विभागणी 50, 25, 25 टक्के अशी आहे. मग पहिल्या वर्षी महिन्याला 6,000 वाढतील, दुसऱ्या वर्षी आणखी 3,000 आणि तिसऱ्या वर्षी उरलेले 3,000. काही करारांत बस, कँटीन, मेडिक्लेमचा वाढीव खर्चही याच आकड्यात धरलेला असतो. वाटाघाटी लांबल्या तर मागचा फरक मिळतो, पण करार मागच्या तारखेपासून लागू केला असेल तरच.

गैरसमज : साहेब खूश, तर वाढ जोरात.
वस्तुस्थिती : मोठ्या कंपनीत आधी वाढीचं एकूण बजेट ठरतं आणि मग ते विभागांत वाटलं जातं. साहेबाला त्या रकमेतच सगळ्यांना बसवायचं असतं. एकाला जास्त दिलं, की दुसऱ्याचं कमी होतं. शिवाय प्रत्येक पदाला पगाराची खालची-वरची मर्यादा असते. वरच्या टोकाला पोचलेल्याला उत्तम शेरा मिळूनही कमी टक्के मिळू शकतात. त्याची मोठी वाढ बढतीतूनच येते.

गैरसमज : 8 टक्के वाढ म्हणजे हातात 8 टक्के जास्त.
वस्तुस्थिती : टक्के सीटीसीवर, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या कंपनीच्या एकूण खर्चावर मोजलेले असतात. महिन्याची सीटीसी 40,000 आणि त्यात मूळ वेतन 20,000 धरू. 8 टक्क्यांनी सीटीसी 3,200 नं वाढली आणि मूळ वेतन 1,600 नं. पूर्ण मूळ वेतनावर 12 टक्के पीएफ असेल, तर कंपनीचे 192 आणि तुमचे 192 पीएफमध्ये जातात, ग्रॅच्युइटीपोटी सुमारे 77 धरले जातात. हातात आले 2,739. पीएफचे पैसे बुडत नाहीत, पण घरखर्चाला ते आज उपयोगी नाहीत.

गैरसमज : पगार 21,000 च्या वर गेला, की ईएसआयसी त्याच दिवशी बंद.
वस्तुस्थिती : ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा. त्याच्या वर्गणीच्या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा आहेत. जुलैत वाढ मिळून पगार मर्यादेबाहेर गेला, तरी सप्टेंबरअखेरपर्यंत पगारातून 0.75 टक्के वर्गणी कापली जाते आणि त्या सहामाहीचे लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात. त्यानंतर मात्र दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे वाढीच्या पत्रावर सही करतानाच एचआरला विचारून ठेवावं. कंपनीचा मेडिक्लेम नसेल, तर हजार रुपयांची वाढ घरच्या एका आजारपणात सहज संपते.