टेक्सासचा कापूस, सरकारी मदत आणि दुकानदार

पीक गेले की पहिला फटका शेतकऱ्याला बसतो आणि दुसरा त्याला उधारीवर माल देणाऱ्याला. हा दुसरा फटका आपल्याकडे सरकारी कागदावर येत नाही. अमेरिकेत तो थोडाफार येतो. म्हणून तिथली रीत व्यापारी बांधवांनी समजून घ्यावी.

टेक्सास राज्यात लबक शहराभोवतीचा मुलूख कापसाचा. 2022 साली तिथे असा दुष्काळ पडला की राज्यात पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून जास्त रान वेचणीविना सोडून द्यावे लागले. त्याच वर्षी आपल्याकडे रुईची खंडी लाखावर गेली आणि यंत्रमागवाल्यांची काय दशा झाली ते सर्वांना ठाऊक आहे. आपले पीक कमी होतेच, वर टेक्सासची धास्तीही होती.

या राज्यात 254 काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. दर आठवड्याला दुष्काळाचा नकाशा निघतो. हंगामात एखाद्या काउंटीत तीव्र दुष्काळ सलग 8 आठवडे टिकला, किंवा त्याहून कडक दुष्काळ एकदा जरी नकाशावर आला, तर कृषिमंत्री ती काउंटी आपत्तीग्रस्त ठरवतात. एखाद्या पिकात 30 टक्के घट दाखवली तरी चालते. शेजारच्या काउंट्यांनाही लाभ मिळतो.

इथे पुष्कळांची गफलत होते. आपत्ती जाहीर झाली म्हणजे रोख रक्कम हातात आली असे नाही. त्यामुळे मुख्यतः कमी व्याजाचे कर्ज खुले होते. पीकबुडीची रोख मदत द्यायची तर बहुधा संसदेला वेगळा पैसा मंजूर करावा लागतो, आणि घोडे तिथेच अडते. 2023 व 2024 च्या नुकसानीचा पैसा डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झाला, अर्ज जुलै 2025 मध्ये सुरू झाले, आणि हिशेबाने निघालेल्या रकमेचे 35 टक्केच देण्याचे ठरले. पीकविमा असलेल्यांना सरकारने आधीच भरलेले अर्ज पाठवले, कारण नुकसानीची नोंद विम्याच्या दप्तरी होती. विमा नसलेला मागच्या रांगेत. शिवाय मदत घेणाऱ्याला पुढची दोन वर्षे विमा सक्तीचा.

आता आपल्या कामाची गोष्ट. काउंटी आपत्तीग्रस्त ठरली की तिथला बी-बियाणेवाला, अवजारे दुरुस्त करणारा, कापडवाला, म्हणजे शेतकऱ्याच्या गिऱ्हाइकीवर जगणारा छोटा व्यापारीसुद्धा लघुउद्योग खात्याकडे कर्ज मागू शकतो. त्याचे दुकान वाहून गेलेले असण्याची गरज नाही. धंदा बसला हे हिशेबाने दाखवले म्हणजे झाले. मिळते ते कर्जच, खैरात नव्हे, आणि व्याजही आहे. ते घ्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक पंचनामा करतात. 33 टक्के नुकसान भरले तर मदत मिळते. 2022 ते 2026 च्या केंद्रीय निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये होते. रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जाते, ते योग्यच. पण बुडालेल्या उधारीसाठी त्या पंचनाम्यात रकाना नाही. व्यापारी संघटनांनी ही मागणी करायची तर आधी वह्या नीट हव्यात. अमेरिकेतही त्या दुकानदाराकडून आयकराचे आणि मागच्या विक्रीचे कागद मागतात. चिठ्ठ्यांवर चालणारी उधारी तिथेही कोणी मानत नाही.