कुरुंदाचे बीज

पातूरची प्राचीन लेणी ज्या काळ्या कातळात कोरलेली आहेत, त्या कातळात ॲल्युमिनियम हे मूलद्रव्य बऱ्याच प्रमाणात असते. वऱ्हाडात या खडकाची झीज होऊन काळी जमीन तयार झाली व ॲल्युमिनियम तिच्या चिकणमातीत बद्ध राहिले. कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांतील पठारांवर मात्र मुसळधार पावसाने खडकातील सिलिका वाहून नेली आणि बॉक्साइट मागे उरले. त्यापासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, काढतात. मोटारीच्या स्पार्क प्लगचा पांढरा विद्युतनिरोधक भाग ॲल्युमिनाचाच असतो.

अशी वस्तू टिकाऊ होणे भट्टीतील एका स्थित्यंतरावर अवलंबून असते. बोहमाइट हे जलयुक्त रूप तापविले असता पाणी निघून जाते व 'गॅमा' ॲल्युमिना बनतो. पुढे सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला 'अल्फा' रूप येते. हाच आपला कुरुंद होय.

गॅमा व अल्फा यांतील ऑक्सिजन अणूंच्या थरांची मांडणी निराळी असते. ती सर्वत्र एकदम बदलत नाही; प्रथम काही ठिकाणी नव्या रचनेचे सूक्ष्म अंकुर उत्पन्न होतात. अंकुर फार लहान असल्यास त्याच्या पृष्ठभागासाठी लागणारी ऊर्जा रचनाबदलातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक ठरते व तो विरून जातो. ठरावीक आकार गाठलेला अंकुरच वाढतो.

अंकुर थोडे असले, तर प्रत्येकाची वाढ वेड्यावाकड्या शाखांनी होते. याच वेळी पदार्थाचे आकारमान सुमारे एक-दशांशाने घटते. त्यामुळे आत छिद्रे अडकतात. ती बुजविण्यास सुमारे १,६०० अंशांपर्यंत तापवावे लागते. इंधन अधिक जळते, कण जाड होतात व वस्तूची मजबुती घटते.

यावरील उपाय कुमागाई व मेसिंग या संशोधकांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून प्रसिद्ध केला. बोहमाइटमध्ये अवघे दीड टक्का बारीक अल्फा कण मिसळताच असंख्य तयार केंद्रे मिळाली व पदार्थ सुमारे १,२०० अंशांवरच घट्ट झाला.

यातील तत्त्व शाळेतही दाखविता येते. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. तिच्या संपृक्त द्रावणात दोऱ्याला बांधलेला लहानसा खडा सोडल्यास त्याच्याभोवती स्फटिक वाढू लागतो. तेथे द्रावणातून व भट्टीत घन पदार्थातच वाढ होते, एवढाच भेद; आरंभाला बीज हवे, हे दोन्हीकडे सारखेच.