भाषा मोजतात कशी?

सोलापूरच्या बाजारात घटकाभर उभे राहा. मराठी कानावर पडते, कानडी पडते, तेलुगूही पडते. तिन्ही बोलणारी माणसे एकाच पाटीतली भाजी निवडतात. मग या भाषा एकमेकींच्या कोण? बहिणी, की नुसत्या शेजारणी?

हे ओळखायला आधी रोजचे साधे शब्द घ्यावेत. आपण 'पाणी' म्हणतो. गुजराती माणूसही 'पाणी'च म्हणतो. हिंदीत 'पानी'. कानडीत मात्र 'नीरु' आणि तेलुगूत 'नीळ्ळु'. आता 'तीन' घ्या. हिंदीत 'तीन'च, गुजरातीत 'त्रण'. पण कानडीत 'मूरु', तेलुगूत 'मूडु'. पाहिलंत? मराठी, गुजराती, हिंदी एका घराण्यातल्या. कानडी आणि तेलुगू दुसऱ्या घराण्यातल्या.

पण नुसत्या शब्दांवर भरवसा ठेवू नये. शब्द उसनेही येतात. 'तूप' आणि 'अक्का' हे शब्द आपल्याकडे कानडीतून आले. 'चावी', 'पगार', 'बटाटा' हे पोर्तुगीजांकडून आले. म्हणून काही आपण पोर्तुगीज झालो नाही! तेव्हा भाषेची बांधणीही पाहावी लागते. तिलाच व्याकरण म्हणतात.

एक गंमत सांगतो. शेजाऱ्याला म्हटले, "आम्ही जत्रेला जातो," तर शेजारी घरीच राहिला. "आपण जत्रेला जाऊ," म्हटले, तर तोही गाडीत बसला. हिंदीत दोन्हीकडे 'हम'च. तेलुगूत मात्र आपल्यासारखेच दोन शब्द आहेत. 'मेमु' म्हणजे आम्ही, 'मनमु' म्हणजे आपण. घराणे वेगळे आणि खोड सारखी! हा शेकडो वर्षांच्या शेजाराचा परिणाम, असे पुष्कळ जाणकार मानतात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.

नकाशात हे दिसत नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले. त्याची हद्द नकाशात एका रेघेने दाखवतात. बोली त्या रेघेपाशी थांबत नाही. पार तमिळनाडूत तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत.

मग मोजणी होते ती शिरगणतीत. २०११ साली मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक निघाले. सगळ्या जर्मनी देशाची वस्ती साधारण एवढीच आहे.

आकडा मोठा खरा, पण तो बनतो कसा तेही पाहा. लोक हजारो नावे सांगतात. मग कचेरीत त्यांचे गट पाडतात. तांड्यावरची लमाणी बोली २०११ साली ३२ लाखांहून अधिक लोकांनी सांगितली. ती हिंदीच्या गटात धरली गेली. अहिराणी खानदेशी या नावाखाली गेली. आणि १९७१ पासून, देशभरात दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषेचे नाव वेगळे छापतच नाहीत. ती 'इतर'मध्ये जाते. मला हे बरे वाटत नाही. आजीची बोली 'इतर' कशी?

शिरगणतीचा माणूस दारी आला की तो मातृभाषा विचारतो. म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलत होती ती. शाळेतली नव्हे, कचेरीतली नव्हे. घरी अहिराणी बोलत असाल आणि 'मराठी' सांगितलेत, तर तुम्ही मराठीत मोजले जाल. तुम्ही सांगाल तेच नाव त्याने लिहायचे असते. आता तुम्हाला वाचता येते. काय लिहिले, ते स्वतः वाचून पाहा.